सोडा

बापाची बरणी शेडमधल्या खालच्या फळीवर.
आत निळं. इतकं निळं
की पोराबाळांना सरबत वाटावं.
म्हणून आदेलिनुने झाकणावर लाल रंगात कवटी काढलेली,
आणि कवटीला, का कुणास ठाऊक, मिशा.

चांदीची तार जाळावर धरली की काळवंडते.
ती या पाण्यात टाकायची, काढली की पांढरीफेक.
तांबं तेवढं मागे राहतं,
कणाकणाने निळं दाट होत जातं.
चिमटा तांब्याचाच हवा. लोखंडाचा बुडवलास
तर सगळी चांदी लाजून तांबडी होईल:
देओलिंदाला हे अक्षरओळखीच्या आधी येत होतं.

जुलैत तो गेला.
घराला गिऱ्हाईक आलंय, शेड रिकामी हवी.
भाऊ लक्झेंबर्गहून फोनवर,
"ओतून टाक ना मागे. बाबा तेच करायचा."

तेच करायचा.
वरचं वरचं ओतायचा, तळ तसाच,
त्यावर पुन्हा नवं.
खुराड्यामागे घोंगडीएवढी जागा आहे,
तिथे गवतसुद्धा उगवत नाही.
तिथलं पाणी ओढ्याला, ओढा दोरो नदीला,
आणि दोरोतला मासा मार्चमध्ये
आपल्याच भातात.

खिडक्या सताड. दाराला वीट.
डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे,
अंगात नवऱ्याचा रेनकोट, पुढचं मागे.
टबात आधी पाणी,
मग बरणीतलं, धार बारीक, कडेकडेने.
पाण्यात ॲसिड. ॲसिडात पाणी कधीच नाही.
हा बापाचा आवाज.
एवढं एक त्याने जन्मभर पाळलं.

मग सोडा.
पहिला चमचा पडतो आणि टब फुत्कारतो.
फेस काठापर्यंत चढतो,
विचार करतो,
बसतो.
आता दुसरा. घाई केलीस तर पायावर येईल.
चमचा. फेस. वाट.
चमचा. फेस.
बाहेर कुणाचा तरी कोंबडा अवेळी आरवतो.

जांभळ्या कोबीच्या रसात भिजवून वाळवलेल्या पट्ट्या
शेजारच्या नातवाने करून दिल्यात, शाळेतली विद्या.
पट्टी लाल.
पट्टी लाल.
पट्टी गुलाबी, मग जेवणाची वेळ टळून गेल्यावर
जांभळी, जशी होती तशी.
चमचा पडतो आणि नुसताच पडतो.

जोर गेला, पण तांबं कुठे जातंय?
ते हिरवट गाळ होऊन खाली बसलंय.
मोरीत नाही, मातीत नाही.
कॉफीच्या फडक्यातून गाळून ती तो डब्यात भरते,
गाळलेलं पाणी कॅनमध्ये, त्याचाही भरवसा नाही.

आणि बरणीचा तळ खरवडताना
लाकडी चमच्याला काहीतरी लागतं.

कानातल्याची एक कळी. तारेची, सहा पाकळ्या,
दुधासारखी पांढरी, कडा झिजलेल्या.

ज्या आठवड्यात ही हरवली
त्या आठवड्यात घरी बसून तारा भरणाऱ्या झुल्मिराचं काम सुटलं.
अख्ख्या गल्लीसमोर तिचा ॲप्रन झटकून पाहिला होता.
देओलिंदा नऊ वर्षांची होती.
ॲप्रनमधून एक बटण पडलं, आणि सुरी सोलायच्या संत्र्याची साल.

ती कळी बशीत ठेवते. वर चिमूटभर सोडा.
अगदी बारीक, कानाजवळ धरल्यावर ऐकू येईल एवढं,
काहीतरी फसफसतं.

शनिवारी पालिकेच्या संकलन केंद्रावर
पिवळ्या जाकिटातला माणूस विचारतो, "काय आहे?"
ती सांगते: तांबं, सोडा, पाणी. ॲसिड होतं, आता मेलंय.
तो पट्टी बुडवून खात्री करतो, शिक्का मारतो, पावती देतो.
पाच मिनिटांत हात मोकळे.

दुसऱ्या कामाला पावती नाही.
पूल ओलांडून, चढावर, निळ्या फरश्यांचं घर.
खिशात हातरुमालाची गाठ.
ती बेल दाबते.
आत कुणीतरी खुर्ची सरकवतं, सावकाश.
ती दुसऱ्यांदा दाबत नाही.